गुलाबी पाण्याच्या बातमीत न आलेलं लोणार

जून 2020 मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि नागपुरात ज्याच्या त्याच्या फोनवर तोच फोटो. कुणी चमत्कार म्हणालं, कुणी त्याचा संबंध थेट कोरोनाशी जोडला. पण याच सरोवराच्या रक्षणासाठीची जनहित याचिका उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात 2009 पासून होती. सांडपाणी, अतिक्रमणं, वेडी बाभूळ, सगळं त्यात होतं. त्याबद्दल आमच्या शहरात कधी चकार शब्द ऐकू आला नव्हता. हे मला अजून सलतं.

रंगाचं कोडं तर महिन्या-दोन महिन्यांत सुटलं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे नमुने गेले. पाणी आटून क्षार वाढले की हॅलोआर्किया हे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव फोफावतात, त्यांचं गुलाबी रंगद्रव्य पाण्यावर चढतं. नमुना काही काळ स्थिर ठेवला तर जीव तळाशी बसतात आणि वरचं पाणी नितळ होतं.

खरी गोष्ट त्या क्षारांचीच आहे. उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये पडलेलं, पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद असं हे विवर. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. उरतो तो खार. सामू 10 च्या आसपास. मी खाली उतरले तेव्हा काठावर कुजकट वास होता. वाटाड्याने तळहातावर हळद ठेवून तिच्यावर सरोवराचं पाणी टाकलं, आणि पिवळी हळद बघता बघता कुंकवासारखी लाल झाली. प्रयोगशाळेत हजारदा होणारी गोष्ट, पण तिथे बघताना अंगावर काटा आला.

उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की काठावर खाराचे पापुद्रे धरत. दल्ला, पापडी, भुस्की अशी त्यांची वेगवेगळी नावं होती. बांगड्यांची काच, साबण, कापडाची रंगाई, पापड, सगळीकडे तो जाई. आईन-ए-अकबरीतही इथल्या काच-साबणाच्या मालाची नोंद आहे. पुढे हा उद्योग थांबला आणि 2000 साली अभयारण्य झालं. खार उचलणं बंद झालं ते योग्यच, असं मी काठावर उभी राहून म्हणत होते. थोडं पुढे गावाकडून येणारं सांडपाणी दिसलं आणि ते म्हणणं तोंडातच राहिलं. ज्यांच्या पिढ्या या खारावर जगल्या त्यांना बंदी, आणि नाल्याला मुभा?

सांडपाण्यासोबत गोडं पाणी आलं की खार पातळ होतो, आणि इथले स्पिरुलिना, हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव त्या खारावरच जगतात. त्यात घाण मिसळली की पोषकद्रव्यांचा भार वेगळाच. नवरात्रात काठावरच्या कमळजा देवीला लोटणारी गर्दी काही दिवसांची असते. सांडपाणी बारमाही येतं.

तरीही त्या फोटोंवर राग धरणं मला पुरतं जमत नाही. 2020 च्या नोव्हेंबरात लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा जाहीर झाला तेव्हा नागपुरातल्या कितीतरी लोकांना लोणार कुठलं हे सांगावं लागलं नाही. ते त्या गुलाबी रंगामुळेच. आता समृद्धी महामार्गाने मेहकरपर्यंत जाऊन पुढे लोणार गाठणं सोपं झालंय, गर्दी वाढेलच. विवराच्या कडेवर एक फलक हवा: या महिन्यात सामू किती, क्षार किती, सांडपाणी किती आत आलं. सेल्फीच्या जागेशेजारीच लावा.