तीच ती गोष्ट

म्हातारपणाचे खरे लक्षण कोणते, असे कोणी मला विचारले असते, तर परवापरवापर्यंत मी पांढऱ्या केसांकडे किंवा जाड चष्म्याकडे बोट दाखवले नसते. सांगून झालेली गोष्ट पुन्हा सांगताना, ती आपण प्रथमच सांगत आहोत अशी जी माणसाची प्रामाणिक समजूत होते, तेच म्हातारपण, असे माझे ठाम मत होते. वर्गात एकच विनोद सत्तावीस वर्षे सांगत आलेल्या प्राध्यापकाने असे मत बाळगावे, हा उद्धटपणाच म्हटला पाहिजे. परंतु आमचा वर्ग दर वर्षी नवा असतो, एवढी पळवाट आम्हांला आहे. घरातले श्रोते मात्र तेच असतात!

माझे हे मत ढळले ते एका अमेरिकन वृद्ध वादकामुळे. आमच्या चिरंजीवांना ब्लूज नावाच्या संगीताचा नाद आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत हे संगीत वाढले. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी संध्याकाळी चिरंजिवांनी मला आपल्या खोलीत बोलावून नेले. पडद्यावर एका प्रकट मुलाखतीचे चित्रण चालू होते. आपल्याकडच्या व्याख्यानमालेत असते तशीच मांडणी: दोन खुर्च्या, मध्ये पाण्याचे पेले, समोर भरलेले सभागृह.

"कोण हे?" मी विचारले.

"बडी गाय," चिरंजीव म्हणाले.

दारावरून जाताना आमच्या सौभाग्यवतींच्या कानी हे शब्द पडले. "कुठल्या मोठ्या गायीची मुलाखत चालली आहे?" अशी त्यांनी सहज चौकशी केली!

हे नाव मी पूर्वी एकदा ऐकले होते. २०११ साली हे गृहस्थ मुंबईस, बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत वाजवायला आले होते. माझ्या एका तरुण सहकाऱ्याने तिकीट देऊ केले असता, "तो गोंगाट ऐकायला मी कशाला येऊ?" असे म्हणून मी ते परत केले होते. आता मुलाखतीत कळले, की उमेदीच्या काळात शिकागोच्या चेस या प्रसिद्ध ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकानेही त्यांच्या वादनाला गोंगाटच म्हटले होते. पुढे तसाच गोंगाट करून इंग्लंडातील तरुण पोरे मालामाल झाली, तेव्हा तो मालक त्यांच्यासमोर ओणवा झाला आणि "मला लाथ मार," म्हणाला, असे ते हसत सांगत होते. मला हसू आले नाही.

त्यांचा जन्म ३० जुलै १९३६ चा, लुइझियानातील लेट्सवर्थ या खेड्यातला. आईबाप दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवणारे. वाद्य घ्यायला पैसा नव्हता, म्हणून पोराने खिडकीच्या जाळीच्या तारा उपटून त्यांचे वाद्य केले. घरात डास येतात कुठून, हे कोडे आईला सुटेना. पुढे त्यांनी बॅटन रूजच्या विद्यापीठात साफसफाईची नोकरी केली. २५ सप्टेंबर १९५७ रोजी त्यांनी शिकागो गाठले आणि थोड्याच महिन्यांत खिसा रिकामा व पोट त्याहून रिकामे अशी अवस्था झाली. परत फिरावे अशा विचारात असतानाच ७०८ क्लब नावाच्या मद्यालयात वाजवण्याचा योग आला, आणि तेथे मडी वॉटर्स भेटले. १९४३ मध्ये मिसिसिपीहून असेच शिकागोस आलेले मडी तेव्हा त्या क्षेत्रातले वडीलधारे होते. त्यांनी वादनाविषयी बोलण्याआधी या पोराला गाडीत बसवले, पाव आणि सलामी पुढे केली, आणि भूक नाही म्हणणाऱ्याला खायला लावले.

पुढच्या रविवारी चिरंजीवांनी दुसरी मुलाखत लावली. गाव निराळे, प्रश्न विचारणारा निराळा. परंतु पाव तोच, सलामी तीच, आणि मडी वॉटर्सही तेच! विद्यार्थ्याची नक्कल पकडल्याच्या आनंदाने मी ओरडलो, "अरे, हे तर त्यांनी मागेही सांगितले होते!"

"बाबा," चिरंजीव शांतपणे म्हणाले, "ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदाच म्हणतात."

मग त्याने मला या गाण्याची घडण समजावून दिली. चार-चार मात्रांचे बारा खंड. त्यांत बहुधा तीन ओळी. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. दोन ओळींमधली जागा गिटार भरून काढते, जसा आपल्याकडे झीलकरी मुख्य गायकाचा सूर झेलतो. शुद्ध आणि कोमल गंधारांच्या मधला एक सूर तार ओढून काढतात. सगळे आर्जव त्यात असते. ओळ दुसऱ्यांदा येते तेव्हा शब्द बदलत नाहीत, पण खालचा स्वरमेळ बदलतो, आणि म्हणून तीच ओळ निराळी लागते.

मी पुन्हा ऐकू लागलो. खेडे सोडताना या माणसाने अर्धांगवायूने आजारी असलेल्या आईला थाप मारली होती, की शिकागोहून ठिपक्याठिपक्यांची कॅडिलॅक मोटार घेऊन येईन. आई १९६८ मध्ये गेली. मोटार आली नाही. म्हणून त्यांच्या गिटारीवर ते ठिपके आले. मडी वॉटर्स १९८३ मध्ये वारले. शेवटच्या आजारात त्यांनी बजावले होते, की ब्लूज मरू देऊ नकोस. ज्यांचे अन्न खाल्ले त्यांचे नाव हा माणूस सभेसभेतून घेत होता. त्याला विस्मरण झालेले नव्हते. तो देणे फेडत होता.

आणि मला आमच्या आप्पांची आठवण झाली. आप्पाही १९५७ सालीच कोकणातून पुण्यास शिकायला आले. जवळचे पैसे संपल्यावर एका खानावळवाल्याने त्यांना दोन महिने उधारीवर जेवू घातले, आणि पुढे पैसे द्यायला गेले तर घेतले नाहीत. ही गोष्ट आप्पा प्रत्येक पाहुण्याला सांगत. प्रत्येक वेळी त्या गृहस्थांचे पूर्ण नाव घेत, गाव सांगत, आमटी वाढतानाची त्यांची लकबही करून दाखवत. एकदा आमच्या महाविद्यालयातले दोघे-तिघे जेवायला आले असताना मी म्हणालो, "आप्पा, ही गोष्ट सर्वांना पाठ झाली आहे हो!" सगळे हसले. आप्पाही हसले. वाढण्यासाठी उचललेला त्यांचा हात तेवढा खाली आला. त्यानंतर पाच वर्षे ते होते, पण ती गोष्ट माझ्या देखत त्यांनी पुन्हा सांगितली नाही.

त्या रविवारी रात्री मी त्या खानावळवाल्याचे नाव आठवू लागलो. आडनाव आठवेना. गाव आठवेना. वहीत कोठे टिपले होते का, पाहिले, नव्हते. ज्याला पाठ झाली होती म्हणून गोष्ट बंद झाली, त्यालाच ती पाठ नव्हती.

सौभाग्यवतींना विचारले. त्या भाजी निवडत होत्या. "तुम्ही त्यांना गप्प केलेत," त्या म्हणाल्या, "मला ते स्वयंपाकघरात येऊन सांगत असत." आणि त्यांनी नाव सांगितले, गाव सांगितले. आमटी वाढण्याची लकबसुद्धा हातातल्या मेथीच्या जुडीने करून दाखवली.

मी ते नाव चिरंजीवांना सांगितले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पुन्हा सांगितले. तो काही बोलला नाही. त्याने फक्त मान डोलावली.