मानसशास्त्राची पदवी आणि मनाची बोली

पदवी अभ्यासक्रमाचे मूल्यमापन करायचे म्हणजे हल्ली काय पाहतात? प्रवेशसंख्या, निकालाची टक्केवारी, पुढे शिकायला गेलेल्यांची यादी, प्रयोगशाळेतील उपकरणे. मानसशास्त्राच्या एका बी.ए. अभ्यासक्रमाच्या परीक्षणासाठी आम्हां मराठीच्या दोघा अध्यापकांना 'अन्य विषयाचे सदस्य' म्हणून बसवले, तेव्हा असाच तक्ता हाती आला. त्यातल्या प्रत्येक रकान्यात विभाग उत्तम ठरत होता.

आम्हांला जे खटकले ते उत्तरपत्रिकांत होते. मराठी माध्यमाची मुले 'अभिजात अभिसंधान', 'प्रबलन', 'मर्मदृष्टी' हे शब्द न अडखळता लिहितात. परिभाषेविषयी आमची तक्रार नाही. शास्त्राला ती लागतेच, आणि ती घडवणाऱ्यांचे कष्ट आम्ही जाणतो. पण नैराश्याची आठ लक्षणे क्रमवार लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीला आम्ही सहज विचारले, "तुझ्या आजीला असं झालं तर ती काय म्हणेल?" ती जरा थांबून म्हणाली, "कशात जीव रमेना, असं म्हणेल." आणि मग आपणहून, "पण हे लिहिलं तर मार्क नाही मिळत."

आपल्याकडे माणूस मनाचे दुखणे बहुधा देहाच्या भाषेत सांगतो. डोके भणभणते, काळजात धस्स होते, जीव वरखाली होतो. या बोलीत बारकावेही आहेत. 'लक्ष लागत नाही' हे कामाविषयी असते. 'करमत नाही' म्हणणाऱ्याला बहुधा कुणाची तरी किंवा कुठली तरी उणीव भासत असते. पहिल्याला अभ्यासाचे वेळापत्रक आखून देता येईल. दुसऱ्याला आधी 'कुणावाचून?' असे विचारावे लागेल. हा फरक कळणे हे आमच्या मते प्रात्यक्षिकच आहे.

मानसशास्त्राला ही दृष्टी परकी नाही. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन कसोटी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली, ती नुसते भाषांतर करून नव्हे, तर इथल्या मुलांवर पडताळून. त्यांचे पुस्तक १९४० सालचे. (स्मृतीच्या प्रयोगासाठी मराठीत निरर्थक अक्षरगट जुळवणाऱ्या शिक्षकांचीही आम्हांला गंमत वाटते. दोन अक्षरे जोडावीत, तर कुठल्या ना कुठल्या तालुक्यात त्यांना अर्थ निघतो!)

नुसत्या बी.ए.वर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदणी होत नाही, हे खरे. म्हणून पदवीपातळीवर ऐकण्याचे शिक्षण कशाला, असा प्रश्न बैठकीत आला. आम्हांला उलट वाटते. यांतल्या बहुतेक मुली पुढे शिकणार नाहीत. त्या शाळेत, पतसंस्थेत, अंगणवाडीत काम करतील, आणि 'हिने मानसशास्त्र केलंय' म्हणून शेजारीण संध्याकाळी दाराशी येऊन बसेल. पुष्कळ गावांत तिचे पहिले ऐकणारे माणूस हीच असेल, आणि कुणाकडे पाठवायचे हेही हिलाच ठरवावे लागेल. समोरची 'नैराश्य' म्हणणार नाही, आणि हिला तर तेवढाच शब्द शिकवलेला.

आम्ही एक प्रात्यक्षिक सुचवले आहे. प्रत्येकाने घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाशी त्यांच्या परवानगीने बोलावे, दुःखासाठी त्यांनी वापरलेले शब्द जसेच्या तसे टिपावेत आणि मग पाठ्यपुस्तकातील संज्ञेशी ताडून पाहावेत. विभागाची हरकत एवढीच, की याला गुण कसे द्यायचे. धसका घेतलेला माणूस पुढच्या आघाताची वाट पाहत असतो. हाय खाल्लेला कसलीच वाट पाहत नाही. एवढा फरक ज्याला नोंदवता आला, त्याला निम्मे गुण तरी द्यावेत, असे आम्ही लिहून दिले आहे.