काळं झालेलं ऑइल

आमच्या घरातलं पहिलं इंजिन लुनाचं. ५० सीसीचं, टू-स्ट्रोक. कायनेटिकची लुना १९७२ साली नगरमधूनच बाहेर पडली, म्हणून नगरकरांना तिचं कौतुक जरा जास्तच. तिच्या इंजिनाचं ऑइल बदलायचा प्रश्नच नव्हता. पेट्रोलमध्ये मिसळायचं, धुराबरोबर निघून जायचं. वडील पंपावर टू-टी डोळ्यांत तेल घालून मापून घेत. कमी पडलं तर पिस्टन धरणार, जास्त झालं तर प्लग काळा होऊन पॅडल मारत घरी यायचं.

मग स्प्लेंडर आली. फोर-स्ट्रोक, ९७.२ सीसी. इथे ऑइल इंजिनातच राहतं, म्हणूनच ते बदलावं लागतं. रेडिएटर नाही, सिलिंडरच्या फिनांना लागेल तो वारा, उरलेली बरीच उष्णता ऑइलनेच वाहायची. क्लचप्लेटाही त्यातच बुडालेल्या. कारचं महागडं ऑइल घालून मिरवणारे पाहिले आहेत. घर्षण कमी करणारी द्रव्यं त्यात असली की क्लच घसरतो, चढाला इंजिन नुसतं ओरडतं. डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलंय का, तेवढं बघावं.

‘जाड ऑइल द्या’ ही आमच्याकडची ठरलेली मागणी. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे ती पटतेही. पण २०डब्ल्यू-४० मधला ४० म्हणजे शंभर अंशांना तापलेल्या ऑइलच्या जाडीचा दर्जा. बाहेरच्या उन्हाचा हिशेब कंपनीने पुस्तिकेत आधीच धरलेला असतो.

आता उसाच्या सरीत पॉवर वीडर चालतो. त्याच्या छोट्या इंजिनाला ना ऑइल पंप, ना फिल्टर. कनेक्टिंग रॉडच्या टोकाची पळी ऑइल उडवते, त्यावर सगळं चालतं. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल २० तासांनी काढतात. इंजिन गरम असतानाच नट सोडायचा, म्हणजे गाळही वाहून येतो. बोटांवर घेऊन उन्हात धरलं की चंदेरी चुरा चमकतो: नवे भाग एकमेकांना घासून बसल्याची खूण. पुढे ते काळं पडतं, त्याला घाबरू नये. काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. चिमटीत खरखर लागली तर मात्र आधी एअर फिल्टर उघडावा. पुस्तिका पुढचा बदल १०० तासांनी सांगते. आमच्या धुळीत मी तेवढं थांबत नाही.

आणि काढलेलं ऑइल बांधावर किंवा विहिरीकडेला ओतू नका. कॅनमध्ये साठवा, जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या.