आयदर ऑर सर्व्हायव्हर



चौविहार झाला की संध्याकाळ किती लांबते, हे तुम्हाला सांगायला नको. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नातू आलाय, त्याला आकाशाचे भारी वेड. परवा गच्चीवर उत्तरेकडे बोट दाखवून म्हणाला, "आजी, ती शर्मिष्ठा. तिथे १५७२ साली टायको ब्राहेने फुटलेला तारा पाहिला. दिवसासुद्धा दिसायचा." म्हणजे आपल्या वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीज होते तेव्हा!

पुढे म्हणाला, त्याचा जोडीदार बहुतेक वाचला. त्याला 'सर्व्हायव्हिंग कम्पॅनियन' म्हणतात. मी दचकले. आमच्या जॉइंट खात्याच्या पासबुकावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' लिहिलेय. हे गेल्यापासून दीड वर्षात मी ते कपाटातून काढले नव्हते.

आपल्या शास्त्रात तारे म्हणजे ज्योतिषी देवांची विमाने. त्याच्याशी वाद घातला नाही, ऐकत राहिले. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. त्यातला एक विझत आलेला, लहान पण फार जड. तो दुसऱ्याकडून वायू ओढत राहतो, उधारी वाढावी तसा. सूर्याच्या सुमारे १.४ पट झाला की अख्खा फुटतो. ही मर्यादा आपल्या चंद्रशेखरांनी काढली. मग ज्याच्याभोवती फिरायचे तोच नाही, म्हणून जोडीदार होता त्याच वेगाने सुटतो, गोफणीतल्या दगडासारखा.

२००४ साली तसा एक तारा सापडल्याचे जाहीर झाले, 'टायको जी'. सूर्यासारखाच, पण तिथल्या ताऱ्यांच्या सरासरीहून तिपटीपेक्षा जास्त वेगाने पळणारा. पुढे इतरांनी शंका काढल्या. काहींच्या मते दोन्ही तारे विझलेलेच होते, एकमेकांवर आदळून दोघेही संपले, मागे कोणी उरलेच नाही. ताळेबंद अजून जुळलेला नाही.

हे गेले तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकीने मला एकत्व भावना सांगितली. जीव एकटा येतो, एकटा जातो. सामायिकात मीही ती चिंतते. पण ते जाणाऱ्याचे झाले. उरलेल्याने सकाळी उठून कुणाभोवती फिरायचे, हे कुणी बोलले नाही. मुलगा म्हणतो, वसईचे घर विकून पुण्याला ये.

काल पासबुक काढले. बँकेत म्हणाले, मृत्यूचा दाखला आणि अर्ज द्या, त्यांचे नाव कमी होईल, खाते चालू राहील. अर्ज मीच भरला. घराचे मुलाला अजून काही सांगितलेले नाही.