वेळासच्या वाळूवर

मैत्रिणींनो, मुलांच्या परीक्षा संपत आल्या की दोन दिवस कुठे जायचं हा विषय तुमच्याकडेही निघत असेल. गेल्या मार्चमध्ये आम्ही वेळासला गेलो. रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले हे छोटे गाव. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव, पण आता लोक इथे येतात ते कासवांची पिल्ले पाहायला. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत बागमांडल्याला पोहोचायचे. तिथे जंगलजेटीवर गाडीसकट चढून सावित्रीची खाडी ओलांडली की वेसवी आणि पुढे बाणकोटावरून वेळास. ताम्हिणीच्या वळणांत मुलांना गाडी लागते, तेव्हा आल्याच्या वड्या हाताशी ठेवा.

माझ्या सामानात मात्र एक गोष्ट स्वेटरच्या घडीत लपवलेली होती. गोळ्यांची पट्टी.

त्याच्या आदल्या वर्षी मला नैराश्याचा आजार झाला होता. डिप्रेशन म्हणतात ना, तोच. घरात कशाची कमी नव्हती, म्हणून तर बोलायची चोरी! पहाटे चारला जाग यायची आणि उठून चहाचे आधण ठेवणे म्हणजे डोंगर चढणे वाटायचे. आमटीत मीठ घातले की नाही ते आठवायचे नाही. ओट्यापाशी उभ्या उभ्या डोळे भरून यायचे. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. वन्सं म्हणाल्या, "कशात तरी मन रमव, एखादा क्लास लाव." एका रात्री मी ह्यांना म्हटलं, "मी नसले तर तुमचं सगळ्यांचं बरं होईल." दुसऱ्याच दिवशी हे मला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. तेही शहराच्या दुसऱ्या टोकाला, ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून! गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागले. आठ महिन्यांनी एकदा कणीक मळताना मी गुणगुणत होते, ते माझ्या मुलीच्या लक्षात आले, माझ्या नाही. तरी बिल्डिंगमध्ये मी आपली ॲसिडिटीची पेशंट.

वेळासला हॉटेल शोधू नका. गावातल्या घरीच उतरायचे. आमच्या काकूंनी जेवायला उकडीचे मोदक आणि सोलकढी केली होती. पहिल्या संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो, तर एकही पिल्लू नाही. मुलांचे चेहरे उतरले. पिल्ले काही आपल्या वेळापत्रकाने येत नाहीत, म्हणून एक मुक्काम तरी कराच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा गेलो. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरएक अंडी घालते, झाकते आणि समुद्रात परत जाते. पूर्वी ही अंडी कोल्हीकुत्री खायची, माणसेही न्यायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली गावकऱ्यांना हाताशी धरून ती राखायला सुरुवात केली. अंडी उचलून जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यात पुरतात, वर टोपली घालतात. त्या सकाळी टोपली उचलली आणि खाली काळपट, तळहाताहून लहान अशी सतरा पिल्ले! पाण्यापासून थोडी अलीकडे सोडली. एक लाट आली की उलटीपालटी व्हायची, पुन्हा पाण्याकडे तोंड.

आमचे भावजी म्हणाले, "बघा वहिनी, एवढीशी जिवं, पण जिद्द बघा. माणसानं असं असावं." मनातून मला रागच आला. जिद्द दिसली, पण ती जाळी आणि टोपली नाही दिसली? पन्नासएक दिवस कुणी कुणी त्या अंड्यांवर लक्ष ठेवले, ते नाही दिसले? मी काही बोलले नाही. सवयच झाली होती.

घरी येऊन गोळी घेत होते, तर काकू पाण्याचा तांब्या घेऊन समोर.

"ताई, कसल्या हो गोळ्या? बीपीच्या का?"

ॲसिडिटीच्या, हे शब्द अगदी ओठांवर होते. कसे कोण जाणे, म्हटलं, "नाही काकू, मनाच्या आजाराच्या. डॉक्टर अजून थांबवू नका म्हणाले आहेत."

काकू खाली बसल्या. म्हणाल्या, "माझी धाकटी जाऊ अशीच होती. बोलायची नाही, जेवायची नाही. आम्ही तिला भगताकडे नेली, अंगारे लावले. डॉक्टर काही दाखवला नाही. लोक वेडी म्हणतील ना!" थोडा वेळ गप्प राहिल्या. "विहिरीत गेली हो ती. पाय घसरला, असंच सांगतो आम्ही सगळ्यांना."

त्यानंतर आम्ही दोघी किती वेळ बोलत होतो! मुले आंब्याखाली खेळत होती, दुपारच्या भाताची घाई, तरी उठवेना. झोप, भूक, कामातले लक्ष, सगळेच दोन आठवड्यांच्या वर बिघडले तर डॉक्टरांना दाखवायचे, हे मी त्यांना सांगितले. सरकारची टेलिमानस नावाची फोनसेवा २०२२ सालापासून आहे, पैसे लागत नाहीत, मराठीतूनही बोलता येते, तेही सांगितले. त्यांनी सगळे बारकाईने विचारले. फोन केला तर गावात कळतं का, हा पहिला प्रश्न! मग हळूच म्हणाल्या, "माझी लेक आहे मुंबईला, बाळंतपणानंतर कशी गप्प गप्प झालीय."

निघताना पाहिले, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅसच्या नंबराखाली, त्यांनी पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत लिहिले होते: १४४१६.

परतीच्या जंगलजेटीवर वारा खूप होता. भावजींनी सहज विचारलं, "वहिनी, ॲसिडिटी बरी आहे ना आता?" मी पट्टी पर्समधून काढली आणि त्यांच्या हातात दिली.