सहा चॅनेल, दोन स्पीकर

आमच्याकडे बाबांचा जुना स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि लाकडी पेटीतले दोन स्पीकर. नाट्यगीतं आणि किशोरीताईंच्या मैफली ऐकायला घेतलेले. यंदा टीव्ही बदलला आणि त्याचा पातळ, चपटा आवाज ऐकून वाटलं, सिनेमाही बाबांच्या स्पीकरवरच ऐकावा. एवढीच साधी इच्छा होती. पण ती पुरी होईपर्यंत माझं डोकं अगदी गरगरून गेलं.

पहिली अडचण म्हणजे नव्या टीव्हीला लाल-पांढऱ्या पिनांची जागाच नाही. मागे ऑप्टिकलचं एक चौकोनी छिद्र, बस. म्हणून मध्ये डॅक नावाची छोटी डबी बसवली, जी डिजिटल आवाज आपल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला समजेल असा करून देते. गाणी लावली, सुरेख वाजली. सिनेमा लावला तर स्पीकरमधून नुसती खरखर. दुसरा लावला तर तीही नाही, ठार शांतता. तोच टीव्ही, तीच वायर, तीच डबी. मग गाणं वाजतं आणि सिनेमा का वाजत नाही? दुकानदाराचं उत्तर तयार होतं, "ताई, सिनेमाला दोन स्पीकर चालत नाहीत. फाइव्ह पॉइंट वनचा सेट घ्या."

सेट घेण्याआधी मी बाबांच्या ओळखीच्या काकांना फोन केला. लॅमिंग्टन रोडवर त्यांनी उभा जन्म अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केले. त्यांनी एकच विचारलं, "टीव्हीत पीसीएम केलंस का गं?" टीव्हीच्या साउंड मेन्यूत डिजिटल आउटपुटसमोर 'ऑटो' होतं. त्यामुळे सिनेमाचा सहा चॅनेलचा आवाज टीव्ही बांधलेल्या गाठोड्यासारखा जसाच्या तसा पुढे ढकलत होता आणि दोन चॅनेलच्या डबीला ते गाठोडं सोडता येत नव्हतं. 'पीसीएम' केल्यावर टीव्ही ते स्वतः सोडतो, सहाचे दोन करतो आणि मग पाठवतो. आवाज आला.

आला, पण संवाद पुटपुटल्यासारखे. गाण्यांना जिथे नॉब ठेवते त्याच्या कितीतरी पुढे न्यावा लागे, आणि तेवढ्यात पाठलाग सुरू झाला की आई दचकून म्हणे, "अगं, बारीक कर!" सहाचे दोन कसे होतात ते काकांनी मग नीट समजावलं. समोरचा डावा, समोरचा उजवा, मधला, मागचे दोन आणि गडगडाटाचा सहावा, ज्याला 'पॉइंट वन' म्हणतात. माणसं बोलतात ती जवळजवळ सगळी मधल्या चॅनेलमधून. दोन चॅनेल करताना हा मधला आवाज 3 डेसिबलनं कमी, म्हणजे सुमारे 0.7 पट करून दोन्हीकडे सारखा वाटतात. मागचे दोन तसेच कमी करून आपापल्या बाजूला मिसळतात. सहावा बहुतेक वेळा सोडूनच देतात. हे ऐकून मला फार वाईट वाटलं होतं, सिनेमाचा एक तुकडाच गेला म्हणून. पण खर्ज बाकीच्या चॅनेलमध्येही असतो. सहावा आहे तो वरच्या दणक्यासाठी, आणि तो दणका बाबांच्या स्पीकरांना झेपलाही नसता.

एवढे आवाज एकत्र केले की बेरीज मर्यादेबाहेर जाऊन आवाज फाटेल, म्हणून बरीच उपकरणं सगळ्याचीच पातळी खाली आणतात. शिवाय सिनेमा मुळातच हळू बोलतो. स्पॉटिफायवर गाणी साधारण उणे 14 एलयूएफएसला (हे आवाजाच्या सरासरी पातळीचं डेसिबलमधलं माप) आणलेली असतात, तर नेटफ्लिक्सच्या नियमात संवादांची सरासरी उणे 27 ठरलेली आहे. हा 13 डेसिबलचा फरक मोठ्या आवाजांना वर उसळायला जागा राहावी म्हणून मुद्दाम ठेवलेला असतो. हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. बाबांच्या स्पीकरांत खोट नव्हती.

टीव्हीत 'नाइट मोड' असतो, तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक उचलतो. रात्री शेजारी झोपलेले असताना ठीक आहे, एरवी मला तो आवडला नाही. पाऊस, पावलं आणि स्फोट सगळे एकाच उंचीचे होतात. त्यापेक्षा सिनेमाच्या ऑडिओच्या यादीत स्टीरिओचा ट्रॅक वेगळा दिलेला असेल तर तो आधी लावून बघावा. तो पुष्कळदा मिक्सिंग करणाऱ्यांनी कानांनी ऐकून बनवलेला असतो, यंत्राच्या बेरजेतून निघालेला नसतो.

खरी गंमत पुढे होती. आमचा एक स्पीकर शोकेसशेजारी आणि दुसरा खिडकीच्या पडद्याआड. काकांच्या सांगण्यावरून दोन्ही टीव्हीच्या दोन बाजूंना, कानाच्या उंचीवर आणले आणि खुर्ची अशी ठेवली की दोन स्पीकर आणि मी असा समभुज त्रिकोण व्हावा. "लाल तार लालला, काळी काळीला," त्यांनी बजावलं होतं. का, ते ऐकायला मी अ‍ॅम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या तारा मुद्दाम उलट लावल्या. संवाद चालू होता, पण तो येत कुठून होता सांगता येईना. खोलीभर पसरलेला, पोकळ, खर्ज हरवलेला. एका स्पीकरचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, आणि दोन्हीकडे जे सारखं आहे तेच एकमेकांना खातं. तारा सुलट केल्या आणि आवाज टीव्हीच्या बरोब्बर मधोमध, बोलणाऱ्याच्या ओठांवर येऊन बसला. तिथे स्पीकर नाही, नुसता काच-पडदा आहे. मी उठून टीव्हीला कान लावून आले.

मग 'अपोकॅलिप्स नाऊ' लावला, 1979 चा. त्याचा आवाज वॉल्टर मर्च यांनी घडवला आणि आजच्या 5.1 ची वाट त्या सिनेमानं पाडली. सुरुवातीचं हेलिकॉप्टर थिएटरमध्ये प्रेक्षकांभोवती घिरट्या घालतं. आमच्या हॉलमध्ये ते माझ्या मागे गेलं नाही. ते डावीकडून उजवीकडे गेलं, स्पीकरच्या जरा पलीकडे गेल्यासारखं वाटलं आणि परत आलं. मागची बाजू गेली, हे खरंच आहे. पण पात्यांची ती जड, ओली थाप इतकी जवळ होती की मी तो प्रसंग पुन्हा लावला.

आणि एक गोष्ट वाचून मी चकित झाले. स्टीरिओचं मूळ पेटंट ज्यांनी 1931 मध्ये मागितलं ते इंग्रज अभियंते अ‍ॅलन ब्लमलाइन, त्यांना ही कल्पना सुचली म्हणतात ती सिनेमा बघतानाच. नट पडद्यावर एका बाजूला आणि आवाज भलतीकडून, हे त्यांना खटकलं. दोन स्पीकर सिनेमाला परके नाहीत.

त्रिकोणाबाहेर बसलं की मात्र जादू ओसरते. आई दिवाणावर डाव्या टोकाला बसते, तिला सगळी माणसं डाव्या स्पीकरमधूनच बोलताना ऐकू येतात. थिएटरात मधला स्पीकर पडद्याआड असतो तो याचसाठी, प्रत्येक खुर्चीला संवाद पडद्यावरूनच यावा म्हणून. घरात पाच-सहा जण रोज एकत्र सिनेमा बघत असतील तर मधला स्पीकर जरूर घ्यावा. एक-दोघंच असाल आणि घरात चांगली स्टीरिओ जोडी असेल, तर दुकानात जाण्याआधी टीव्हीच्या मेन्यूत पीसीएम करा, तारांचे रंग तपासा आणि खुर्ची मध्ये ओढा. याला एक पैसाही लागत नाही.