मूळचे कुठले?

उन्हाळ्याची सुटी म्हटली की आपल्या घरांत सहसा दोनच बेत होतात. एक लग्नांचा, दुसरा नातेवाइकांकडे जाण्याचा. हाताशी पैसे उरले तर अजमेर, नाही तर हाजी मलंग. डोंगर चढायचा तो एखाद्या वलीच्या दर्ग्यासाठी. नुसताच डोंगर चढायचा, रात्री उघड्यावर तंबू ठोकून झोपायचं आणि सकाळी उतरून यायचं, हे आपल्याकडे रिकामटेकडेपणाचं लक्षण समजलं जातं. आमच्या दोघांच्या अम्मींचं यावर एकमत आहे. एरवी त्यांचं कशावरच एकमत होत नाही.

तरीही २०२५ चा उन्हाळा डोंगरात आणि माणसांत घालवायचा, असं आम्ही दोघांनी ठरवलं. आमच्यापैकी एक जण चाकणच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतो, त्याची सुटी गुरुवारी. दुसरी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, तिला मे महिना मोकळा. थेरगावात डांगे चौकाच्या मागे दोन खोल्या, दाराशी एक मोटारसायकल, आणि तंबू तेवढा उसना.

काळ मात्र बरा नव्हता. २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली. धर्म विचारून मारलं, असं वाचलेल्यांनी सांगितलं. त्यानंतर इकडेही नावं जरा वेगळ्या कानांनी ऐकली जाऊ लागली. त्यात आमचा बेत किल्ल्यांचा. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याशी गजापूरमध्ये घरांची आणि मशिदीची जी नासधूस झाली, ती कोणी विसरलेलं नव्हतं. अम्मी म्हणाल्या, "गडावर? आणि ते पण हिजाब घालून? बाळांनो, महाबळेश्वरला जा. तिथे स्ट्रॉबेरी खा."

पहिल्या गुरुवारी आम्ही लोहगडाला गेलो. चिंचवडहून पहाटेची लोकल धरली, मळवलीला उतरलो आणि भाजे गावातून चालू लागलो. दोन हजार वर्षांहून जुनी लेणी उजाडताना पाहिली आणि ऊन चढायच्या आत गणेश, नारायण, हनुमान असे एकेक दरवाजे ओलांडत महादरवाजापर्यंत पोहोचलो. माथ्यावरच्या दर्ग्यापाशी फातिहा पढून जरा टेकलो, तर कॉलेजातली चार-पाच मुलं आली. त्यांना फोटो काढून हवा होता. आम्ही काढून दिला. मग बोलणं निघालं.

"कुठून आलात?"

"थेरगाव."

त्यातल्या एकाने डोक्यावरच्या हिजाबाकडे पाहिलं. "नाही, तसं नाही. मूळचे कुठले?"

एकीचं आजोळ जुन्नर आणि दुसऱ्याचं घराणं बार्शीकडचं, असं आम्ही सांगितलं. मुलगा थांबला. "म्हणजे त्याच्याही आधीचे?"

त्याच्या आवाजात खोडसाळपणा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं, की मागे जात जात कुठे तरी आम्ही बाहेरचं एखादं नाव घेऊ. त्याला काय सांगावं ते आम्हाला सुचेना. आमच्याच जिन्यात नऊ बिऱ्हाडं आहेत. लातूरचं, जळगावचं, बुलढाण्याचं, एक गोरखपूरचं. कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग ही सगळी माणसं आली. घरमालकाचं घराणं तेवढं पिढीजात थेरगावचं. पण "त्याच्याही आधीचे" हा प्रश्न त्या नऊ दारांपैकी एकाच दारावर पडतो.

उतरताना आम्ही एक खेळ केला. समोर जे दिसेल त्याचं नाव घ्यायचं आणि ते नाव मूळचं कुठलं ते सांगायचं. किल्ला अरबीतून आला. बुरूजही अरबी. दरवाजा फारसी. बालेकिल्ल्यात फारसी 'बाला' म्हणजे वरचा, आणि पुढे अरबी किल्ला. तोफ तुर्कांची. हवालदारात अर्धा शब्द अरबी, अर्धा फारसी. माची, तट, टाकं हे इथले. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्यात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. कोश मोलाचा आहे, पण लोकांच्या तोंडी बुरूज हा बुरूजच राहिला. दरवाजाला कोणी विचारत नाही की बाबा, तू मूळचा कुठला? इतकी शतकं तो उघडतो आणि बंद होतो, म्हणून तो आपला.

दुसरा बेत पवनेच्या काठी मुक्काम करण्याचा होता. धरणाच्या कडेला आता तंबूंची वस्तीच असते. आम्ही एका ठिकाणी फोनवर जागा ठरवली होती. तिथे पोहोचून ओळखपत्रं दाखवली, मालकाने ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "सॉरी, आज फुल्ल झालंय." मागे दहा-बारा तंबू रिकामे दिसत होते. आम्ही वाद घातला नाही. मावळातले एक शिक्षक-मित्र बी.एड.पासूनचे, त्यांना फोन केला. ते म्हणाले, "तिथे कशाला थांबलात? आमचं शेत काय ओस पडलंय?"

त्यांच्या बांधावर, तिकोन्याच्या सावलीत आम्ही उसना तंबू ठोकला. मित्राच्या आईने इंद्रायणीचा भात आणि मटणाचा रस्सा केला होता. वाढण्याआधीच त्या म्हणाल्या, "पोरी, काळजी करू नको. मटण कामशेतात तुमच्यातल्याच माणसाकडून आणलंय." जेवण झाल्यावर आम्ही सहज विचारलं, "मावशी, तुम्ही मूळच्या इथल्याच का?"

त्यांनी पाण्याकडे बोट केलं. पवना धरण १९७२ साली पुरं झालं. त्यांचं सासरचं घर, गोठा, खळं, सगळं त्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ उघडं पडतं, तेव्हा त्या जाऊन हात जोडून येतात. बाकी काही वर येत नाही. "आमचं मूळ गाव असं आहे बघ, दाखवता येत नाही," त्या म्हणाल्या आणि खरकटी ताटं उचलू लागल्या. हेच पाणी धरणातून नदीत सुटतं, रावेतला उचललं जातं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. त्यांच्या अंगणावरून आलेलं पाणी आम्ही रोज पितो, हे त्यांना सांगायचं आमच्या जिवावर आलं. पण त्यांना ते ठाऊकच होतं. पहाटे काठावर फज्रची नमाज पढलो तेव्हा त्या लांब उभ्या राहून म्हशीला थोपवत होत्या, आमच्या समोरून जाऊ नये म्हणून.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात अवकाळी पाऊस झोडपू लागला आणि महिना संपायच्या आत मान्सूनही येऊन दाखल झाला. तंबू गुंडाळून आम्ही नातेवाइकांकडे वळलो. अम्मींना तेवढाच दिलासा. नाशिक रस्त्याने जुन्नरला निघालो. वाटेत चाकणचा संग्रामदुर्ग लागतो. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शाइस्तेखानाच्या फौजेविरुद्ध ५६ दिवस लढवला. त्याच चाकणला कारखान्याची बस रोज जाते. किल्ल्यापाशी थांबायला मात्र कधी सवड होत नाही. त्या दिवशी थांबलो. पुढे राजगुरुनगरला दिलावरखानाचा घुमट आणि मशीद पाहिली.

जुन्नरच्या खालांचं सासर कागदी. जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता आणि तो करणारी ही मंडळी. आता घरात कागदाचं काम कोणी करत नाही. मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. दस्तरखानावर आम्ही लोहगडावरची हकिगत सांगितली. खाला बाजरीची भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "मूळचे कुठले विचारलं तर म्हणायचं, पेशव्यांचं दफ्तर उघडून बघा. अक्षर त्यांचं असेल, कागद आमचा आहे." खालू हसले. आम्हाला मात्र हसू आलं नाही. गेल्या काही वर्षांत 'कागद दाखवा' या दोन शब्दांनी किती घरांची झोप उडवली आहे, ते खालांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पावसाची उघडीप बघून शिवनेरी चढलो. सात दरवाजे, शिवाई देवी, वर अंबरखाना, कमानी मशीद आणि महाराजांचं जन्मस्थान. अंबरखान्यापाशी एक गृहस्थ आपल्या मुलाला सांगत होते, की ही मलिक अंबरची खोली. न राहवून आम्ही सांगितलं, की मराठीत दोन्ही 'अंबर' सारखे दिसतात, पण उर्दूत एक 'ऐन'ने सुरू होतो आणि दुसरा 'अलिफ'ने. मलिक अंबरचं नाव सुगंधी अंबरावरून. हे अंबार म्हणजे धान्याची रास. म्हणून अंबरखाना म्हणजे कोठार. त्या मुलाने वहीत दोन्ही अक्षरं काढून मागितली. वडिलांनी विचारलं, "तुम्ही शिक्षक का?" पुढे काही विचारलं नाही.

बकरी ईद ७ जूनला झाली, शाळा सुरू झाली. ११ जुलैला युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात शिवनेरी आणि लोहगडही आहेत. वर्गात ही बातमी वाचून दाखवली आणि फळ्यावर एका बाजूला उर्दूत, दुसऱ्या बाजूला मराठीत बुरूज, दरवाजा, तोफ लिहिलं. एक मुलगा म्हणाला, "टीचर, बुर्ज तो उर्दू है." मागच्या बाकावरून दुसरी ओरडली, "नही रे, मराठी है. मराठी के किताब में है." बराच वेळ भांडण चाललं. ते मिटवावंसं वाटलं नाही.

सहल शिवनेरीला नेण्याचं ठरलं तेव्हा पालक शाळेत आले. "टीचर, कुठेही न्या, पण किल्ल्यावर नको." त्यांची भीती खोटी नव्हती, तिला खोटं म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. आम्ही त्यांना लोहगडावरचा प्रश्न सांगितला, तंबूवाल्याचं 'फुल्ल' सांगितलं आणि मावशींचं मटणही सांगितलं. काहीच लपवलं नाही. पंचेचाळीसपैकी एकतीस संमतीपत्रं सह्या होऊन आली. चौदा आली नाहीत.

डिसेंबरात एकतीस मुलं गड चढली. आमच्यापैकी दुसरा रजा टाकून सोबत आला. तिसऱ्या दरवाजापाशी ताक विकणाऱ्या बाईंनी विचारलं, "कुठली गं पोरं ही?" आम्ही तोंड उघडायच्या आत एकतीस गळ्यांतून एकच उत्तर गेलं, "थेरगाव!" बाईंनी ग्लास मोजायला घेतले. राहिलेल्या चौदा घरी आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहोत.